दहा मोजेपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी औषधाचा पंप प्लास्टिकच्या नळकांड्यात बसवला आणि फुगीच्या तोंडाशी धरला.

"मी दाबला की हळूहळू आत ओढायचं. मग दहा मोजेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. पहिल्या खेपेला कुणालाच जमत नाही, तेव्हा घाबरायचं नाही."

आठ वर्षांच्या फुगीनं मान हलवली. तिचा बाप शेजारच्या स्टुलावर बसला होता, कामाच्या निळ्या शर्टातच. तीन महिन्यांचा खोकला आज शाळेत इतका वाढला होता, की वर्गाच्या बाईंनी फोन करून त्याला कारखान्यातून बोलावून घेतलं होतं.

थोड्या वेळापूर्वी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात कुणी सिगारेट ओढतं? धूर असतो? रंगकाम चालू आहे? सुगंधी फवारे वगैरे?"

"नाही," तो चारही प्रश्नांना मिळून एकदाच म्हणाला होता.

त्यावर डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्याच्या पाठीमागची खिडकी उघडून आल्या. चोराच्या मनात चांदणं. खोलीत उकडत होतं म्हणूनही उघडली असेल, पण त्याच्या मानेला घाम फुटला.

गेली पंधरा वर्षं तो सुगंधी फवाऱ्यांचे डबे भरायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहत होता. लेबल वाकडं बसलेले डबे दर शनिवारी कामगारांना वाटून टाकत, आणि फुकट ते पौष्टिक या न्यायानं तो पिशवी भरून घरी आणी. एक न्हाणीघरात, एक चपलांच्या कपाटावर, एक फुगीच्या पलंगाखाली. पट्ट्यावरच्या माणसांचं नाक त्या वासाला कधीच मेलेलं असतं. त्यामुळे स्वतःला वास येईपर्यंत तो बटण दाबत राही, म्हणजे शेजारच्या घरात पोचेपर्यंत. "पुरे की, डोळ्यांतून पाणी येतंय," असं बायको म्हणाली, की तो तिलाच हसायचा. आपल्या घरात आलेला माणूस आधी 'वा!' म्हणतो, याचा त्याला केवढा अभिमान होता.

"आठ... नऊ... दहा. सोड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगं, तुला तर पाठच आहे! कुठं शिकलीस?"

"मी रोजच करते," फुगी खुशीत म्हणाली. "बाबा घरी आला की."

"बाबा आल्यावर कशाला?"

फुगीनं बापाकडे पाहिलं. मग आवाज बारीक केला.

"त्याच्या शर्टाचं घशात टोचतं. म्हणून मी आधीच श्वास भरून घेते, मिठी मारते आणि मग खिडकीत जाऊन सोडते. दहाच्या आत."

गाल टम्म फुगवून धावत येते म्हणून तर त्यानं तिचं नाव फुगी ठेवलं होतं. सगळ्या इमारतीला कौतुकानं सांगितलं होतं. ती सुटायला धडपडू लागली की "सोडतच नाही जा!" म्हणत तो आणखी घट्ट धरायचा. ती इवल्या मुठींनी त्याच्या पाठीवर मारायची आणि तो हसायचा. रोज हसायचा. त्याला स्वतःची शिसारी आली.

"बाई, मी मघाशी खोटं बोललो," तो म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तेच एक कारण आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण फवाऱ्यातल्या रसायनांनी काही मुलांच्या श्वासनळ्या चिडतात, आवळतात. घरातलं आजच बंद करा. कपडे कामावरच बदलून या. खिडक्या उघड्या ठेवा. महिन्यानं पुन्हा बघू."

घरी त्यानं कपाटं धुंडाळून डबे काढले. एकोणीस निघाले. बायको पोत्याचं तोंड उघडून धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर त्यानं कारखान्याच्या मोरीत डोक्यावरून चार बादल्या ओतल्या. साध्या साबणानं दोनदा अंग घासलं. घरून आणलेला धुतलेला शर्ट घातला आणि बाही नाकाशी धरली. कसलाच वास आला नाही. पण तो कालही आला नव्हता.

दार उघडलं तेव्हा फुगी आतल्या खोलीतून धावत निघालीच होती, गाल टम्म फुगवून. आंघोळ केलीय, शर्ट बदललाय, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण ती येऊन बिलगलीसुद्धा. त्यानं हात तिच्या पाठीवर नुसते टेकवले. मनात मोजू लागला. एक. दोन. तीनला त्यानं हात काढून घेतले आणि भिंतीपर्यंत मागं सरकला.

फुगी खिडकीपाशी गेली आणि तिनं फुस्सकन श्वास सोडला. मग गजांना टेकून त्याच्याकडे बघत राहिली.

"आज लवकर सोडलंस?"

"हं."

"का रे? माझे अजून सात उरले होते."