डावी मांडी की उजवी

माझी सून रान्वा पोरीला सगळं विचारून करते. मार्युन चौदा महिन्यांची, अजून धड बोलत नाही, आणि हिचं आपलं चालूच: "निळी टोपी की पिवळी? लोणी की जॅम?" आम्ही सहा पोरं वाढवली, पण पुढ्यात ठेवलेला मासा सगळ्यांनी मुकाट खाल्ला.

तेही सोसलं असतं. पण ईस्टरला चर्चमधून आल्यावर तिनं मला आणि तिच्या आईला, एल्स्पाला, बाकावर शेजारीशेजारी बसवलं. पोरीला मध्ये धरून म्हणाली, "कुठल्या आजीकडे जायचं गं?" तेवढ्यात वाऱ्यानं दार धाडकन आपटलं. पोर दचकून कलंडली, ती नेमकी एल्स्पाच्या अंगावर. "बघा, निवडलं तिनं!" म्हणत सुनेनं टाळ्या पिटल्या.

तेव्हापासून दर रविवारी पोर एल्स्पाच्या मांडीवर. मी घेतलं की भोंगा. सहा पोरांची आई मी, आणि बाकावर रिकाम्या मांडीनं बसायचं!

परवा मी लोकरीची दोन कोकरं, एक पांढरं नि एक करड्या रंगाचं, विणली आणि टोपलीत टाकून वर फडकं घातलं. मार्युननं आत हात घालून, न बघता, एक ओढलं. करडं निघालं. मग पांढरं पुढं केलं, तर भिरकावून दिलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही समोर मांडली, तरी करडंच.

"बघा! आंधळेपणानं उचललं आणि आता तेच लाडकं," मी म्हाताऱ्याला म्हणाले.

याकुप मासा साफ करत होता. "तूही धुक्यात होडीतून उतरताना पुढं आलेला हात धरलास. माझा की माझ्या भावाचा, तुला कुठं दिसत होतं?"

"तुझ्या त्या हॉग्नीचे पाय फेंगडे आहेत."

"ते तुला लग्नानंतर दिसले."

दारात रान्वा सातव्या महिन्याचं पोट धरून हसत होती. "आई, येत्या रविवारी मार्युनला परत विचारू या का?"

"राहू दे. ती गेली एल्स्पाकडे," मी म्हणाले. "पण या पोटातल्याला पहिल्यांदा विचारशील ना, तेव्हा बाकावर मी एकटी बसणार. आणि विचारायचंच झालं, तर डाव्या मांडीवर की उजव्या, एवढंच विचारायचं. कळलं?"