ठोकळ्याची जागा

"नुसतं खातंय हे मेलं! खायचं ह्यानं आणि ढेकर द्यायचा त्या पूर्वेकडच्या विहिरीनं!" कॉम्प्रेसरवर ओलं फडकं फिरवत दादा कुरकुरला.

ताई दारातच उभी होती. खरं तर ती त्याची धाकटी बहीण. पण सगळं तेलक्षेत्र तिला ताई म्हणे, म्हणून तोही चिडवायला तेच म्हणे. खाली खडक कसा आहे ते सांगायचं हे तिचं काम आणि तिनं दाखवलेल्या जागी हवा कोंबायची हे दादाचं. चांगली चाललेली गिरणी सोडून तो इथे आला होता, तिच्या शब्दावर.

खडकात तेल भरपूर होतं, पण डांबरासारखं घट्ट. पंपाला दाद देईना. म्हणून मधल्या विहिरीतून हवा सोडून खालीच त्यातलं थोडं तेल पेटवलं होतं. त्या धगीनं उरलेलं पातळ व्हावं आणि भोवतालच्या विहिरींकडे सरकावं, असा बेत. तळ्यात खडा पडल्यावर तरंग जातो तशी आग सगळीकडे सारखी सरकेल, हे ताईचं भाकीत.

आगीनं ते ऐकलं नाही. पूर्वेची विहीर इतकी तापली की तोंडाशी हात लावायची सोय राहिली नाही, आणि आता तिच्यातून तेलाबरोबर आगीत न खपलेली हवाही वर येऊ लागली होती. म्हणजे स्फोटाला ठिणगीचाच काय तो अवकाश. बाकीच्या विहिरी मात्र थंडगार.

साहेबांनी हवा वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. पाणी सोडलं, तर तेही पूर्वेच्याच वाटेनं पळालं. रोज कुणीतरी म्हणे, "अजून जरा वाट पाहू," आणि बाकीचे घाईघाईनं माना डोलवत.

ताई नमुन्यांच्या शेडमध्ये गेली. मागोमाग दादा, हातात चहाचे दोन कप. लांबट ट्रेमध्ये खालून काढलेल्या खडकाचे दांडे ओळीनं निजवले होते, मधेमधे लाकडी ठोकळे.

"हे लाकूडही खालूनच आलं का गं?"

"नाही रे. भुसभुशीत थर वर येताना नळीतून गळून जातो. मग तेवढ्या जागी ठोकळा ठेवायचा. सगळीकडे हीच रीत."

"आणि गणितात?"

"शेजारच्या खडकासारखाच धरला."

दादानं चहा फुंकला. "तुझ्या वहिनीला पाहायला गेलो तेव्हा मीही असंच केलं. जेवढी बोलली त्यावरून न बोललेलं धरलं."

ताईला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. ठोकळ्यावरून बोट फिरवत ती पुढच्या ट्रेकडे गेली. तिथेही त्याच खोलीवर ठोकळा. त्याच्या पुढेही. हातात राहिला तो टणक खडक तिनं मोजला होता. आणि हवेला पूर्वेकडे वाट दिली ती नळीतून गळून गेलेल्या भुसभुशीत वाळूच्या थरानं.

"बुजवता येईल ती वाट?" दादानं हळूच विचारलं.

"पाणी घालून पाहिलंच की आपण." ट्रे मागे सारत ती म्हणाली, "हवा थांबवली तर आग मरेल. तेल गार होऊन पुन्हा घट्ट बसेल. दुसऱ्यांदा पेटवायला कोण देणार आहे आपल्याला?"

"मग माझी गिरणी?" असं त्यानं विचारलं नाही. कप मात्र तसाच खाली ठेवला.

बाहेर पूर्वेच्या विहिरीपाशी माणसं गोळा झाली होती. फिटर नळाच्या जोडाला पाना लावायला गेला आणि हात झटकत मागे आला. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी जमिनीकडे.

"काय मग? अजून जरा वाट पाहू या?"

नेहमीसारख्या माना हलायला लागल्या. ताईनं दादाकडे पाहिलं. तो फडक्यानं आधीच स्वच्छ असलेले हात पुसत होता.

"साहेब, चुकलं माझं. ही आग आता आपल्या हातची नाही," ती म्हणाली. "दादा, हवा बंद कर."