दोरीचं डावं टोक

सगळा रस्ता त्यांना पेंटर म्हणे. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणारं त्या भागात आता हे एकच घर उरलं होतं. अक्षरं एका ओळीत यावीत म्हणून आधी खडूने माखलेली दोरी फळीवर ताणायची आणि टिचकी मारायची, की पांढरी रेघ उमटते. गेली तीस वर्षं उजवं टोक पेंटरांच्या हातात आणि डावं त्यांच्या बायकोच्या. संसारात दुसऱ्या कशाची धड वाटणी झाली नसेल, ही मात्र पक्की होती.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं. बाई म्हणत होत्या, छपाईचं मशीन घेऊ. पेंटर ऐकायला तयार नव्हते. शेवटी बाई म्हणाल्या, "मग आजपासून दोरीची दोन्ही टोकं तुम्हीच धरा." त्याच दुपारी पेंटरांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, हट्टी स्वभावही राहिला. पण ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवून ते "एवढंच?" म्हणून विचारायचे. दाढी केली की उजवा गाल गुळगुळीत आणि डावा तसाच खुंटांचा. बाई नेहमीसारख्या त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बसत. त्यांनी हाक मारली, की पेंटर उजवीकडच्या भिंतीला उत्तर देत.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा मेंदूचा नमुना उचलला आणि उजव्या बाजूला, कान येईल त्याच्या वर, जरा मागे बोट ठेवलं. "डाव्या बाजूकडे लक्ष ठेवायचं काम ह्या भागाचं. डोळे चांगले आहेत, ते सगळं दारापर्यंत आणतात. आत घेणारा कोणी नाही."

"पण अर्धं जग गायब झालंय, हे माणसाला कळत कसं नाही?" बाईंनी विचारलं.

"ज्याने कळवायचं तोच भाग गेलाय ना. आणि उरलेला मेंदू गप्प बसत नाही, काहीतरी कारण जुळवून मोकळा होतो. त्यांना डावीकडे वळायची सवय लावा. तिथे ओळखीचं काहीतरी असू द्या."

बाईंना ते पटलं आणि घरी येईपर्यंत पटेनासं झालं. हा माणूस आपल्याकडे पुन्हा बघेल का, आणि त्या सकाळचे शब्द मागे घ्यायला मिळतील का, एवढीच त्यांना धास्ती होती. उठून उजवीकडे बसणं सोपं होतं. पण खुर्ची बदलली तर ती बाजू कायमची गेली, असं वाटून त्या तिथेच बसत राहिल्या.

शेजारच्या दंतवैद्यांनी जुन्या ओळखीखातर पाटी रंगवायला दिली. पेंटरांनी मधोमध सुरुवात केली आणि सगळी अक्षरं उजव्या कडेपर्यंत दाटीवाटीने कोंबली. डावी अर्धी फळी कोरी. "जमली की नाही?" ते खुशीत म्हणाले.

"डावीकडचे सगळे दात पाडलेत तुम्ही," दंतवैद्य म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळी पुन्हा रंगवून कोरी केली. खडूची दोरी काढली, उजवं टोक पेंटरांच्या हातात दिलं आणि आपण डावीकडे जाऊन ती ताणली.

"दोरीचं ते टोक कुठे बांधलंस गं?" पेंटरांनी भिंतीला विचारलं.

बाईंनी नुसती ओढ दिली. पेंटरांचा हात थबकला. नजर दोरीवरून निघाली, फळीच्या मध्यापाशी अडली, उजवीकडे परतली. बाईंनी पुन्हा ओढलं. ह्या खेपेला पेंटरांची मान वळली. आधी खडूने माखलेली बोटं दिसली, मग मनगट, मग बाही, आणि खूप वेळाने चेहरा.

"इथे आहेस होय," पेंटर म्हणाले. "मला वाटलं, तू दोरी सोडलीस. आवाज यायचा, वाटायचं आतल्या खोलीतून बोलतेयस. जेवायलाही जवळ बसेनास, म्हटलं चूक आपलीच आहे, बोलायचं कुठल्या तोंडाने?"

"मी इथेच होते हो. रोज." बाईंचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता. "ते मी रागात बोलले होते. टिचकी मारा आता."

"मारायला फळीकडे बघावं लागेल. मग तू परत नाहीशी होशील."

"बघा तुम्ही," बाई म्हणाल्या. "मी ओढत राहते."