गव्हाणीत कोणी नव्हतं

मेट्रनबाईंनी ओल्या फडक्याने बाळ येशूच्या पायाची बोटं पुसली, मूर्ती टॉवेलात गुंडाळली आणि आपल्या मोठ्या काळ्या बॅगेत, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली, ठेवून दिली. बॅगेची खटकी बसली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून कुणाला चांगला धडा शिकवायची संधी त्यांना फारशी मिळाली नव्हती.

ही मूर्ती वर्षभर त्यांच्या कपाटात असे. नाताळच्या आदल्या दिवशी, चर्च रिकामं असताना, त्या एकट्याच जाऊन गोठ्याच्या देखाव्यात पेंढा पसरत आणि गव्हाणीत बाळ ठेवत. हे काम त्यांचंच, असं कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणी ते करायला जावं आणि मेट्रनबाईंनी करू द्यावं, असंही कधी घडलं नव्हतं. यंदाही त्या गेल्या, पेंढा पसरला, वॉर्डातल्या चादरीसारखा चारी बाजूंनी नीट खोचला, आणि बाळ न ठेवता घरी परत आल्या. एवढ्या झगमगाटात कुणाच्या ध्यानात येतंय का, हे त्यांना बघायचं होतं.

झगमगाट बल्बवाल्यांचा होता. विजेच्या सामानाचं दुकान चालवणारे हे गृहस्थ यंदा सजावट समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि आयतं चर्च हाती लागल्यावर दुकानातला न खपलेला माल त्यांनी तिथे नेऊन टांगला होता. मेंढरांच्या पोटात दिवे पेटत होते आणि योसेफाच्या डोक्यामागे रंगीत चक्र गरगरत होतं. पूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरू व्हायच्या आधी सगळे काही वेळ गप्प बसून प्रार्थना करत. समितीने ती काढून टाकली आणि तो वेळ फोटोंसाठी दिला. मेट्रनबाईंनी सभेत उभं राहून विरोध केला, तेव्हा बल्बवाले हसत म्हणाले होते की मावशी, लोकांना आनंद हवाय, आयसीयू नकोय. सगळी सभा खदखदून हसली. ते हसू मेट्रनबाईंच्या कानांत अजून तसंच होतं.

म्हणून त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. मिस्सा संपत आली की उठायचं आणि म्हणायचं, 'ज्याचा वाढदिवस तोच तुमच्यात नाही, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही.' हे वाक्य त्यांनी भांडी घासताना, जिना चढताना, अंथरुणावर पडल्या पडल्या घोकलं होतं. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, तेही ठरलं होतं.

घरातही त्यांना सुख नव्हतं, कारण घरात सून होती. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे बहुतेक वर्ष दोघीच एकमेकींच्या वाट्याला येत. सून एका मोठ्या दुकानात, भेटवस्तू कागदात गुंडाळून देण्याच्या काउंटरवर उभी असे. डिसेंबरात तिच्या बोटांना कागदाच्या कडांनी चिरा पडत आणि केसांत चमकी अडकलेली असे. नाताळचं वाटोळं करायला जी फौज निघाली आहे तिच्यातली ही पगारी शिपाई, असं सासूबाईंचं मत. त्यात तिचा बाप्तिस्मा लग्नाआधी थोडे दिवस झालेला. "काल पाण्यातून काढलेली, तिला काय कळणार," असं त्या ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगत. सून जवळ असली तर आवाज थोडा खाली आणत, म्हणजे तिला नीट ऐकू जाईल इतकाच.

संध्याकाळी त्या पहिल्या बाकावर, गोठ्यासमोर, बॅग मांडीवर घेऊन बसल्या. वर्षातून एकदा उगवणारी मंडळी येऊ लागली. नवे बूट करकरत होते, अत्तराने डोकं उठत होतं. कुणी मेंढपाळाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. एका बाईने मरियेच्या पदराची घडी सारखी केली, कारण ती फोटोत बरोबर येत नव्हती. एका पोरीने चॉकलेट खाऊन त्याचा कागद थेट गव्हाणीत टाकला, आणि तिच्या आईने तिचं तोंड पुसलं. बाळ नाही हे एकालाही दिसलं नाही. खरं तर मेट्रनबाईंना देवासाठी वाईट वाटायला हवं होतं. त्यांना मजा येत होती. जसजसा एकेक आंधळा समोरून जाई, तसतशी त्यांच्या वाक्याला धार चढे.

सून उशिरा आली, कोटाखाली दुकानाचा एप्रन तसाच. ती आधी गोठ्याकडे गेली आणि गुडघ्यांवर बसली. तिने पेंढ्यातून तो चॉकलेटचा कागद उचलून खिशात घातला, मग पेंढा जरा चाचपला आणि हात तिथेच ठेवून थांबली. उठताना तिने मागे वळून सरळ सासूकडे पाहिलं. नंतर तिची नजर बॅगेवर आली. मेट्रनबाईंनी बॅग पोटाशी ओढली. अख्ख्या चर्चमध्ये एकीला दिसलं आणि ती हीच निघावी, याचा त्यांना मनस्वी राग आला.

सून येऊन त्यांच्या शेजारी बसली.

मिस्सा सुरू झाली. शुभवर्तमान वाचून झाल्यावर फादर गोठ्याला आशीर्वाद द्यायला खाली आले. यंदा समितीने त्यांच्या कॉलरला माइक लावला होता.

"बाळ कुठंय?" फादर स्वतःशीच म्हणाले, आणि बल्बवाल्यांच्या सगळ्या स्पीकरांतून ते चर्चभर घुमलं.

आधी हशा पिकला, मग सगळ्यांच्या माना गव्हाणीकडे वळल्या. बल्बवाले धावत पुढे आले आणि पेंढा उपसू लागले. ठरल्यापेक्षा लवकर, पण वेळ आली होती. मेट्रनबाईंनी उठण्यासाठी समोरच्या लाकडी कठड्यावर हात ठेवला. गुडघा दुखरा, त्यामुळे उठायला त्यांना थोडा वेळ लागे. तेवढ्यात सून उठून उभी राहिली.

"फादर, माझी चूक झाली. आईंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं होतं. घाईत मी विसरले."

कुजबुज सुरू झाली. बल्बवाल्यांना दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. असली जबाबदारीची कामं कुणालाही द्यायची नसतात, असं ते पेंढा झटकत मोठ्याने म्हणाले. मागच्या बाकावरून एका बाईचा आवाज आला, "काल पाण्यातून काढलेली, तिला काय कळणार." वाक्य मेट्रनबाईंचं होतं, शब्दाला शब्द. लोकांनी ते चांगलं जपून ठेवलं होतं.

सुनेचे कान लाल झाले. घरी जाऊन लगेच घेऊन येते, असं म्हणत ती बाकाबाहेर पडायला निघाली. तिने सासूकडे पाहिलं नाही. मेट्रनबाईंचं वाक्य घशापर्यंत आलेलं होतं, पण आता ते कुणाच्या तोंडावर फेकायचं हे त्यांना कळेना. त्यांनी बॅगेची खटकी उघडली आणि टॉवेल बाहेर काढला.

फादरांचा जीव भांड्यात पडला. सून विसरली तरी सासूबाईंच्या लक्षात होतं, श्रद्धा म्हणतात ती ही, असं त्यांनी माइकवरूनच जाहीर केलं. पहिली टाळी बल्बवाल्यांनी वाजवली, मग सगळं चर्च वाजवू लागलं. त्या टाळ्यांतून मेट्रनबाई गोठ्यापर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी बाळ गव्हाणीत ठेवलं. फादरांनी माइक कॉलरवरून काढून त्यांच्यापुढे धरला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

समोर सगळं चर्च होतं, हवं तसं, तोंड उघडं ठेवून ऐकणारं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मेट्रनबाईंनी माइककडे पाहिलं.

"नाताळच्या शुभेच्छा," त्या म्हणाल्या.

सुनेच्या दुकानातल्या कागदावर छापलेलं असतं तेवढंच. पुन्हा टाळ्या झाल्या.

कम्युनियनची, म्हणजे फादरांच्या हातून पवित्र भाकर घेण्याची, वेळ झाली. रांगेत पहिल्या मेट्रनबाई असत, आणि कोण येतं, कोण बसून राहतं, हे परतताना बघून घेत. सवयीप्रमाणे त्या उठल्या. सुनेने त्यांना जाता यावं म्हणून फक्त गुडघे बाजूला केले.

"चल," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही जा, आई. मला नाही येता येणार."

"का?"

"आत्ताच इथं उभी राहून खोटं बोलले ना मी. बाप्तिस्म्याच्या आधी तुम्हीच शिकवलं होतंत, असं काही मनावर असलं की आधी फादरांना सांगायचं, मगच पुढे जायचं. उद्या सांगीन. माझ्यापुरतं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मेट्रनबाईंनी तो शोधून पाहिला. टोमणा त्यांना अंधारातही सापडत असे. तो नव्हताच. सुनेने डोळे मिटले होते आणि चिरा पडलेली बोटं एकमेकांत गुंफून ती प्रार्थना करत होती.

मागे रांग खोळंबली. पुढे फादर वाट बघत उभे होते. बल्बवाले अदबीने वाकून म्हणाले, "चला मावशी, पहिला मान तुमचा."

मेट्रनबाई हलल्या नाहीत. मग बाकाची कड धरून त्या एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी बल्बवाल्यांना वाट करून दिली.

"गुडघा का?" त्यांनी जाता जाता आपुलकीने विचारलं.

"नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "गुडघा नाही." आणि त्या सुनेच्या शेजारी खाली बसल्या.