ओसरीवरचं पाणी

स्वराज्य आलं, पण नागावचं सोवळं काही सुटलं नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या प्रमोदिनीबाईंच्या ओसरीवर शेजारपाजारचं कोणी फिरकत नसे. मोळी विकणारी ठमाबाई तेवढी घटकाभर टेकायची, सुखदुःखाचं बोलायची.

त्या सकाळी बाईंनी बायबलातलं वचन वाचलं: हात निर्मळ करा, मनं शुद्ध करा. ‘शेजारणींना ऐकवायला हवं हे!’ त्या चरफडल्या.

ठमाबाई आली, बोलत बसली, गेली. ती बसली होती तिथे बाईंनी माहेरच्या सवयीने पाणी शिंपडलं. मान वर केली, तर खांबापाशी विसरलेली चुंबळ न्यायला ठमाबाई परत आलेली.

तिने चुंबळ उचलली. “उद्यापासून मोळी कुंपणाभायेरच ठेवीन, बाई.”

त्या ओसरीवर पुन्हा पाणी शिंपडायची वेळ आली नाही.