कोठीतला सर्व्हर

माझ्या सासूबाईंबद्दल कुणी वाकडं बोललेलं मी आता खपवून घेत नाही. पूर्वी सगळ्यात जास्त मीच बोलायचे, ते सोडा. सव्वीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन त्यांच्या घरी आले. माझा नवरा मिलेंको जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून पान्चेवो गावातल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघीच. एक मी, दुब्राव्का. दुसरी त्याची आई रादोयका. वय ब्याऐंशी, वजन नव्वद किलो आणि आवाज त्याहून भारी.

मी साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचे. कारखाना बंद पडला आणि पन्नाशीच्या बाईला कोण विचारतो? इथं अशा बायकांना एकच वाट उरते. व्हिएन्नाला जायचं आणि तिथल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची. एजन्सीवाल्या बाईनं मला जागासुद्धा काढून ठेवली होती. पण मी गेले तर रादोयकाबाईंचं काय? त्यांना दुसरं मूल नाही. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "जा तू. मी माझं बघेन." आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायच्या नाहीत. परक्यांची म्हातारी सांभाळायला आपली म्हातारी परक्यांच्या हाती द्यायची, हे काही माझ्या गळी उतरेना.

म्हणून मी सर्व्हर घेतला. कारखान्याचं सामान भंगारात निघालं तेव्हा ऑफिसमधलं ते जुनं कॉम्प्युटरचं धूड मी घरी आणलं. घरबसल्या कंपन्यांची मशीनं सांभाळायची कामं मिळतात, पण त्यासाठी हाताला सराव हवा. या एका पेटीच्या पोटात पाच-सहा खोटी, म्हणजे नुसती प्रोग्रॅममधली मशीनं उभी करायची, मुद्दाम मोडायची, परत जोडायची. ती माझी प्रयोगशाळा. एकच पंचाईत होती. चालू झाला की सर्व्हर असा घोंघावायचा की शेजारची स्तोयांका विचारायला आली, "केस वाळवताय का गं, सकाळपासून?"

तेव्हा तो कोठीच्या खोलीत गेला. एका बाजूला लोणच्याच्या बरण्या, दुसरीकडे ऐवाराच्या, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, मध्ये सर्व्हर.

"हा भाडेकरू कोण?" सासूबाई म्हणाल्या. "वीज खातो, भाडं देत नाही."

भाडं त्यानं महिन्याभरात दिलं. सासूबाईंच्या तुर्की मालिका तो टीव्हीवरून टिपून ठेवायला लागला. हव्या तेव्हा लावा, हवं तिथं थांबवा, जाहिरात एक नाही. बाई हरखल्याच. नायिकेला सासरा थप्पड मारतो तो प्रसंग त्यांनी स्तोयांकाला चार वेळा मागे नेऊन दाखवला. मग विचारायला लागल्या, "भाडेकरू बरा आहे ना? काल जरा धापा टाकत होता."

बरा होता, जुलै लागेपर्यंत. बाहेर चाळीस अंश, कोठीत तर भट्टीच. सर्व्हर तापला की स्वतःच बंद पडायचा. पंखा लावला, तर तो तीच गरम हवा फिरवत बसला. उपाय एकच होता. कोठीची खिडकी उघडायची, कोठीचं दार उघडं ठेवायचं आणि समोर स्वयंपाकघराच्या बाल्कनीचं दार सताड. वारा या टोकाकडून त्या टोकाला.

म्हणजेच प्रोमाया.

आता हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगते. समोरासमोर दोन दारं उघडून वारा अंगावरून गेला की त्याला आम्ही प्रोमाया म्हणतो, आणि आमच्याकडे माणसं तिला वाघासारखी भितात. मान धरते, तोंड वाकडं होतं, किडन्या जातात. मी शिकलेली बाई, तरी ओल्या केसांनी गॅलरीत जात नाही. सासूबाईंची तर गोष्टच सोडा. त्यांची आत्या म्हणे प्रोमायानंच गेली.

"आई, आत्या एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या."

"प्रोमाया नसती तर शंभरी गाठली असती!"

मी दार उघडायचे, त्या लावायच्या. मी सरावाला बसले की मागून चपलांची फरफर, दाराचा आवाज आणि थोड्या वेळानं माझी सगळी मशीनं गार. वर दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला! एकदा तर दुपारभर उभारलेलं सगळं बसलं आणि माझा तोल गेला.

"तुम्हाला मी व्हिएन्नाला गेलेलीच हवी आहे का? सांगून टाका एकदा!"

"तुला मी मेलेली हवी आहे का, ते तू सांग!"

दोन दिवस अबोला. मालिकासुद्धा त्यांनी लावली नाही, इतका राग.

अशात नोवी सादच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. परीक्षा तीन तासांची, घरूनच, माझ्याच सर्व्हरवर. त्यांनी सांगितलेली मशीनं उभी करायची, ते मध्येच काहीतरी मोडणार, ते मी दुरुस्त करायचं. कॅमेरा चालू, माईक चालू. खोलीत दुसरं माणूस नको, जागेवरून उठायचं नाही, उठलात तर संपलं. पास झाले तर घरी राहीन. नाही तर पहिल्या तारखेची व्हिएन्नाची बस होतीच.

सकाळी मी कोठीच्या दाराला दोरी बांधली आणि भिंतीतल्या खुंटीला करकचून आवळली. सासूबाईंपुढे हात जोडले. "आई, आजचा दिवस. तुमच्या खोलीत बसा, दार लावून घ्या. पण याला हात लावू नका. बंद पडला तर मला जावं लागेल."

त्या रुमाल घट्ट करत आत गेल्या.

पहिला तास छान गेला. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी सर्व्हरच्या तापमानाचा आकडा ठेवला होता. सत्तर, एकाहत्तर. परीक्षक तरुण होता, सभ्य होता. त्यानं माझं एक मशीन मोडलं, मी ते उभं केलं. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात दार धाडकन आपटलं.

आकडा चढायला लागला. शहात्तर. ऐंशी. मनात म्हटलं, केलंच शेवटी बाईनं! हात जोडले तरी केलंच! ओरडावं तर माईक चालू. उठावं तर परीक्षा संपली. चौऱ्याऐंशी. चुकीचं टाइप होत होतं. तो मुलगा म्हणाला, "ठीक आहे ना?" मी म्हटलं, "अगदी." आणि मनात सासूबाईंना जे जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आकडा नव्वदच्या पुढे गेला. आणखी थोडा चढला असता तर सगळं काळं झालं असतं.

मग तो थांबला. एकानं उतरला. ऐंशीवर आला. पंचाहत्तरवर आला आणि तिथंच राहिला. शेवटपर्यंत. का, कसं, काही कळेना. मी मान खाली घालून काम करत राहिले.

परीक्षा संपली तशी मी तीरासारखी स्वयंपाकघरात गेले, भांडायलाच.

खुंटी गिलाव्यासकट उपटून जमिनीवर पडली होती. खुर्ची आडवी, तिचा एक पाय मोडलेला. आणि कोठीच्या उंबऱ्यात, स्टुलावर, पाठीनं दार रेटून धरून सासूबाई बसल्या होत्या. वारा सरळ अंगावर, रुमालाची टोकं फडफडताहेत, डोळे गच्च मिटलेले. अंगात काळा झगा, पांढरा कोरा ब्लाउज, पायात नवे मोजे आणि तळ कधीच जमिनीला न लागलेले बूट.

ते कपडे मी ओळखले. कपाटाच्या तळाशी चादरीत बांधून ठेवलेले. दर वर्षी मला उघडून दाखवायच्या, मला पुरताना हे घाला म्हणून.

"आई! हे काय घातलंय?"

एक डोळा उघडला. "झाली परीक्षा?"

"झाली."

"मग लाव ना ते बाल्कनीचं दार! बघत काय उभी राहिलीस?"

मी दार लावलं. म्हटलं, "खुर्ची लावायची होती ना."

"लावली की. वाऱ्यानं ढकलली, मोडली. म्हटलं आता माझ्याइतकं वजनदार घरात दुसरं आहे काय?"

"नव्वदच्या वर गेला होता आकडा. इतका वेळ..."

"कपडे बदलत होते," त्या वैतागून म्हणाल्या. "मोजे चढेनात. गुडघा वाकतो का माझा? इथं बसल्या जागी गेले असते तर तुला मध्ये उठायची परवानगी नाही, तूच सांगितलंस. तोवर मी ताठ झाले असते. मग एकट्या तुला एवढ्या धुडाला मोजे घालता आले असते? तुझी कंबर आधीच कामातून गेलेली. स्तोयांका मदतीला आली होती, तिला दारातूनच हाकलली. म्हटलं, जा बाई, तुला नातवंडं आहेत."

मी तिथंच जमिनीवर बसले आणि त्यांच्या मांडीत डोकं खुपसून रडले. मिलेंको गेला तेव्हाही अशी रडले नव्हते. जिला खरंच वाटत होतं की हा वारा आपला जीव घेणार, ती जवळजवळ दोन तास त्या वाऱ्यात बसली होती, माझ्यासाठी. आणि जाताना मला त्रास नको म्हणून आधी तयार होऊन बसली होती. देवा, माझी स्वतःची आई असती तर तिनंही माझ्यासाठी इतकं केलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

"पुरे, पुरे. झगा ओला होईल," त्या म्हणाल्या, पण हात माझ्या केसांवरून काढला नाही. "आणि राकीयाची बाटली आण. मान चोळ माझी. वाचले तर वाचले."

मी त्या दारूनं मान चोळली, पाठ चोळली, पाय चोळले. उरलेली राकीया आम्ही दोघी प्यालो. दुसऱ्या दिवशी त्यांना साधी शिंकसुद्धा आली नाही, याचा त्यांना जरा रागच आला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. मला घेतलं. सासूबाईंनी ते पत्र स्तोयांकाला वाचायला लावलं, मग पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं.

मी व्हिएन्नाच्या एजन्सीला फोन केला आणि येत नाही म्हणून सांगितलं. बाई भडकली. तिकडची म्हातारी वाट बघत होती, तिच्या मुलांना शब्द दिला होता.

"दुसरीकडे चांगली म्हातारी मिळाली वाटतं?" ती टोमणा मारत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "मिळून सव्वीस वर्षं झाली. मला कळलं आत्ता."