सिएनातली खांदेमळण

युरोपला संस्कृती मराठवाड्यानं दिली, हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो. पुरावा एका बैलाच्या खांद्यावर होता. तो त्याच संध्याकाळी साबण लावून धुऊन टाकण्यात आला.

१९७४ साली पशुपालनाच्या शिष्यवृत्तीवर मी इटलीतल्या सिएना शहरात होतो. दुपारी शेवयांचा ढीग, रात्री पुन्हा त्याच शेवया. मी भाकरीच्या आठवणीनं उसासा टाकला की घरमालकीण अस्सुंताबाई आणखी शेवया वाढायच्या.

ऑगस्टात धावड्याहून, माझ्या गावाहून, पत्र आलं. अक्षर मास्तरांचं, बोल माझ्या बापूचे.

"राधाकिसन, ढवळ्या थकला. पुढचा पोळा त्याला दिसंल असं वाटत न्हाई. तुझ्याबिगर कोणाला खांद्याला हात लावू देत न्हाई. मंग तू तिकडल्याच एखाद्या बैलाचा खांदा मळ, म्हंजे याला पावल. पोळा सतरा तारखेला हाय. बराबर आदल्या दिशी मळ."

जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिथं हळद-तूप चोळतो आणि बैलाला रीतसर सांगतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." नऊ वर्षं ढवळ्याला हे मीच सांगत आल्तो.

हळद आईनं पिशवीत कोंबली होती. तुपाऐवजी लोणी होतं. सिएनात नव्हता तो फक्त बैल.

पण सोळा ऑगस्टला तिथं पेठापेठांच्या घोड्यांची शर्यत असते. तिच्याआधी मिरवणूक निघते, आणि मिरवणुकीतला रथ चार पांढरेशुभ्र बैल ओढतात. अख्खं शहर घोडे बघायला गेल्तं. मी बैलांच्या बोळात शिरलो. कडेचा एक थेट ढवळ्यासारखी मान खाली घालून उभा होता. खिशातलं लोणी वितळलंच होतं. हळद कालवली, खांदा मळला, आवतण दिलं. बैलानं कान हलवला.

"ए! काय लावलंस हे?"

बैलवाला एत्तोरे, सत्तरीचा म्हातारा, धावत आला. शुभ्र बैलाचा खांदा पिवळाधमक झाला होता, आणि शर्यतीतल्या एका पेठेचा झेंडाही पिवळाच. मागून त्या पेठेच्या घोळक्यानं माझा जयजयकार केला, विरोधी पेठेच्या घोळक्यानं बाह्या सारल्या.

मी मोडक्या इटालियनमध्ये म्हणालो, "माझ्या बापाचा बैल. म्हातारा. फार लांब. हा उद्या जेवायला."

एत्तोरेनं पिवळ्या खांद्यावर बोट फिरवून ते हुंगलं. मग म्हणाला, "पत्ता सांग."

दुसऱ्या दिवशी बैल गावाकडं परत नेताना त्यानं खरोखरच तो अस्सुंताबाईंच्या दारात आणून उभा केला. मी काबुली चण्याच्या पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. दिसायला त्या जळक्या नकाशासारख्या. बैलानं तीन खाल्ल्या. अस्सुंताबाईंनी हौसेनं शेवया आणल्या, त्या त्यानं हुंगून सोडल्या. आपलाच माणूस.

मी त्याच्या पाया पडलो. खुरांना हात लागला आणि धावड्याची वेस दिसली, झुली दिसल्या, ढवळ्याचा कासरा धरून उभा असलेला बापू दिसला. उठवेना.

एत्तोरेनं टोपी काढली. जवळ येऊन त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याचेही डोळे ओलावले होते. वाटलं, आता हा माणूस जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी बोलणार.

"ते पिवळं," तो हळूच म्हणाला, "उरलंय का थोडं? माझा डावा खांदा फार दुखतो."